सालोमालो ते मेमरी कार्ड : मराठी गीताची नक्कल आणि नाममुद्रा

‘नक्कल’ हा शब्द मराठीत एकाच वेळी तीन निरनिराळ्या व्यवहारांत वावरतो. महसूल कचेरीतून मिळणारी सातबाराची नक्कल अस्सल मानली जाते आणि न्यायालयात ती पुरावा म्हणून चालते. संगीत नाटकमंडळ्यांच्या परिभाषेत नटाच्या वाट्याला आलेल्या भाषणांची व पदांची वही म्हणजे नक्कल, आणि ती पाठ करणे हा नटाचा पहिला धर्म. बाजारात मात्र ‘नकली’ म्हटले की त्या वस्तूची लाज वाटावी असा अर्थ होतो. मूळ अरबी शब्दातला ‘एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे’ हा आशय या तिन्ही अर्थांच्या तळाशी आहे. फरक पडतो तो नेणारा कोण, कोणाच्या नावाने नेतो आणि कोणाच्या अनुमतीने, यामुळे. गीताच्या नकलेविषयीचा आजचा वाद बहुधा या तीन प्रश्नांपैकी केवळ अनुमतीच्या प्रश्नापाशी घोटाळतो. मराठी गीतपरंपरेने दीर्घकाळ महत्त्व दिले ते नावाच्या प्रश्नाला. या दोन दृष्टींमधले अंतर वाढत कसे गेले, हा साहित्याच्या इतिहासाचा विषय आहे. तो केवळ वकिलांच्या हाती सोपवून चालणार नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार-मेहकर रस्त्यावरचे सुलतानपूर हे गाव या इतिहासाचे एक टोक म्हणून डोळ्यांपुढे ठेवता येईल. २००७-०८ च्या सुमारापासून साधारण दशकभर, अशा बाजाराच्या गावांमध्ये बसथांब्यालगतच्या मोबाइलच्या दुकानांतून दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात गाणी ‘भरून’ मिळत. ‘गाणी डाउनलोड करून मिळतील’ अशी पाटी असे. गिऱ्हाईक स्वतः काहीच उतरवून घेत नसे. दुकानदाराच्या संगणकात साठलेला संग्रह त्याच्या कार्डात ओतला जाई. दोन जीबीच्या कार्डात चार-पाचशे गाणी सहज मावत : प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते, चौदा एप्रिलची भीमगीते, गजानन महाराजांच्या आरत्या, हिंदी चित्रपटगीते, लग्नाच्या वरातीतली ढोलकीची गाणी. विधीच्या दृष्टीने ही दुकाने गुन्ह्याची स्थळे होती. ग्रामीण श्रोत्याच्या दृष्टीने ते वाचनालय होते. यांपैकी एक दृष्टी खरी आणि दुसरी भ्रामक असे ठरवून टाकणे सोपे आहे. पण त्याने काही उलगडत नाही.

याच परिसरातून काव्यचौर्याच्या मीमांसेचा एक फार जुना धागा जातो, हा योगायोग असला तरी उपेक्षणीय नाही. दहाव्या शतकाच्या आरंभीचा राजशेखर ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचा आणि साहित्यविद्यावधूचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म येथे लावतो. ते वत्सगुल्म म्हणजे बुलढाण्याला लागून असलेल्या जिल्ह्यातील आजचे वाशीम. त्याच ग्रंथात राजशेखराने ‘हरण’ या विषयाला स्वतंत्र अध्याय दिले आहेत. शब्दहरण आणि अर्थहरण यांचे भेदोपभेद तो इतक्या बारकाईने करतो की आधुनिक न्यायाधीशाने हेवा करावा. दुसऱ्याचे काव्य विकत घेऊन आपले म्हणणे हेसुद्धा त्याला हरणच वाटते. कवी आणि व्यापारी यांच्यात चोर नसलेला माणूस सापडत नाही, पण जो लपवणे जाणतो तो निंदेवाचून सुखाने राहतो, अशा आशयाचे त्याचे वचन प्रसिद्ध आहे. त्यातला उपरोध बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. हरणाचा विचार येथे कवित्वाच्या संदर्भात होतो. पोथीच्या प्रती किती निघाल्या याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पोथी उतरवून घेणाऱ्या लेखकूला राजशेखराच्या चोरांच्या यादीत जागा नाही.

मराठी ग्रंथपरंपरेत या भूमिकेचे दोन टोकांचे आविष्कार दिसतात. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले आणि नक्कल करण्याचा अधिकार पंथाच्या आत बंदिस्त केला. विसाव्या शतकाच्या आरंभी सकळ लिपीची उकल होईपर्यंत मराठीचा आरंभीचा गद्यसंभार बाहेरच्या वाचकाला अगम्य राहिला. ज्या लोणार आणि मेहकर या स्थळांवरील लीळा ‘लीळाचरित्रा’त आहेत, तेथल्या रहिवाशांनाही आपल्या गावाविषयीचे ते लेखन सहाशे वर्षे वाचता आले नसावे. पण त्याच ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली तेव्हा ते वाचले कशामुळे? अनुयायांच्या स्मरणात ठसलेल्या नकलांमुळे. हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ आणि त्याबरोबरचे इतर पाठ हे या पुनर्रचनेचे साक्षीदार आहेत. नक्कल रोखणाऱ्या पंथाला नकलेनेच तारले.

दुसरा आविष्कार एकनाथांचा. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या नकलांनी पाठ बिघडला होता हे त्याचे कारण. काम पुरे झाल्यावर त्यांनी जी ताकीद लिहून ठेवली तिचा आशय असा की, या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. या ताकिदीत काय नाही, हे आधी पाहावे. प्रत करू नका, असे एकनाथ म्हणत नाहीत. प्रती व्हाव्यात, पारायणे व्हावीत, म्हणून तर हा खटाटोप. निषेध आहे तो भर घालण्याचा. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम लेखकाला दोन गोष्टी देते : कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार आणि तिची मोडतोड थांबवण्याचा अधिकार. हक्क विकून टाकले तरी हे दोन उरतात. कलमाचा उगम युरोपीय विधिविचारात आहे, हे खरे. पण त्यातला दुसरा अधिकार पैठणला कोणी परका मानला नसता.

पहिल्या अधिकाराचा, म्हणजे नावाचा, प्रश्न मराठीत सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो देहूत. सालोमालो नावाचा कीर्तनकार तुकोबांचे अभंग त्यांच्या नाममुद्रेच्या जागी स्वतःचे नाव घालून गात असे, अशी परंपरा सांगते, आणि गाथेत सालोमालोवरचे अभंगच आहेत. परंपरेतील तपशील किती ऐतिहासिक, याची चर्चा होऊ शकेल. अभंगांतला संताप मात्र संशयाला जागा ठेवत नाही. तक्रार दुहेरी आहे : दुसऱ्याचे ते आपले म्हटले, आणि म्हणताना त्याचा विचका केला. येथेही न दिसणारी गोष्ट महत्त्वाची आहे. सालोमालोने आपले अभंग गायले याचे तुकोबांना दुःख नाही. संताजी जगनाडे तेच अभंग वहीत उतरवून घेत होते. गाथा इंद्रायणीत बुडवल्यानंतर ती तरली, या कथेचे लौकिक स्पष्टीकरण जे कोणी देतात ते लोकांच्या मुखी असलेल्या आणि वह्यांतून पसरलेल्या नकलांकडेच बोट दाखवतात. एकाच काळात, एकाच गावाभोवती, एक नक्कल करणारा परंपरेचा रक्षक ठरतो आणि दुसरा तिचा अपराधी. दोघांमधला फरक अभंगाच्या शेवटच्या चरणातल्या एका शब्दाचा आहे.

मिशेल फुको यांनी १९६९ च्या ‘लेखक म्हणजे काय?’ या व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, संहितेला लेखकाचे नाव चिकटणे हे एक ऐतिहासिक कार्य आहे. युरोपात ते दंड आणि मालमत्ता यांच्या व्यवस्थेतून दृढ झाले. मराठी अभ्यासकांनी हे प्रतिपादन जसेच्या तसे उचलले, तेव्हा नाममुद्रेकडे दुर्लक्ष झाले. नाममुद्रा मालमत्तेची खूण नाही. ती संहितेच्या आत असते, मुखपृष्ठावर नसते. गाणाऱ्याला ती म्हणावीच लागते. म्हणजे प्रत्येक नकलेबरोबर तिचा उच्चार होतो. नामदेवांच्या नावावर इतर नामांची रचना जमा झाली हे खरे, पण त्यातही ओघ उलट दिशेने वाहतो : दुसऱ्याचे घेऊन आपले म्हणण्याऐवजी आपले देऊन दुसऱ्याचे म्हणणे. मालमत्तेच्या कल्पनेने या दानाचा अर्थ लागत नाही. शाहिरीत तर मुद्रा कधी जोडीची असते. होनाजी शिलारखाने रचना करीत आणि बाळा करंजकर गात. लावणीच्या शेवटी येणारे ‘होनाजी बाळा’ हे कवी आणि गायक यांचे संयुक्त नाव आहे. आधुनिक विधीला ही जोडी एका नावात बसवता आलेली नाही. गायकाला काही हक्क असतो, एवढे मान्य करण्यासही त्याला १९९४ साल उजाडावे लागले.

छापखान्याबरोबर निराळी भाषा आली. १८४७ च्या विसाव्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात कॉपीराइट प्रस्थापित केला, आणि १८६७ च्या पंचविसाव्या ‘आक्टा’प्रमाणे पुस्तक नोंदवल्याची वाक्ये मराठी मुखपृष्ठांच्या पाठीमागे दिसू लागली. ‘सर्व हक्क स्वाधीन’ हा वाक्प्रयोग त्या काळचा. इंग्रजी संज्ञेत मध्यवर्ती कल्पना प्रतीची आहे, मराठी पर्यायात स्वामीची. ‘स्वामित्वहक्क’ या शब्दाने जमीनदारीचा वास काव्याला लागला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल; पण अगदीच चुकीचेही होणार नाही.

संगीत नाटकाने या दोन्ही भाषा एकत्र वापरल्या, आणि म्हणून त्याची छापील पुस्तके विशेष बोलकी आहेत. मुखपृष्ठावर हक्क राखलेले. आत प्रत्येक पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून ही प्रथा रुळली. ठुमरी, लावणी, कर्नाटकी पद, कीर्तनातली साकी-दिंडी, पारशी रंगभूमीवरचे गाणे, यांच्या चाली उघडपणे घेतल्या जात. उगम शीर्षभागी छापलेला असल्यामुळे त्यांना चोरी म्हणता येत नाही. ‘चाल’ हा निर्देश म्हणजे सुरावटीची नाममुद्राच. पुढे गोविंदराव टेंबे (‘मानापमान’, १९११), भास्करबुवा बखले (‘स्वयंवर’, १९१६) यांच्यासारख्यांनी नाटकांना चाली दिल्या. ‘एकच प्याला’च्या (१९१९) पदांच्या चालींसाठी सुंदराबाईंचे नाव घेतले जाते, पदे वि. सी. गुर्जरांची, नाटक गडकऱ्यांचे, आणि गाणे लोकांच्या लेखी बालगंधर्वांचे. एका पदाच्या मागे असलेल्या या चार नावांपैकी श्रोत्याच्या स्मरणात राहिले किती? सुंदराबाईंचे नाव सर्वांत आधी मागे पडले, याला केवळ विस्मरण म्हणणे भाबडेपणाचे होईल.

शास्त्रोक्त संगीतात याच काळात उलट दिशेचा संघर्ष चालू होता. घराण्यांतील चीजा ही गुरूची ठेव. ती शिष्याला सेवेने मिळे, कधी मिळतही नसे. वि. ना. भातखंडे यांनी शेकडो चीजा मिळवून, स्वरलिपीत बांधून ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या. सामान्य विद्यार्थ्याला संगीताचे दार उघडले ते या नकलेने; आणि ज्यांच्याकडून चीजा मिळाल्या त्या उस्तादांच्या हातातली एकमेव मिळकत सार्वजनिक झाली तीही या नकलेनेच. राष्ट्रीय कार्याच्या उत्साहात दुसरी बाजू फारशी बोलली गेली नाही. अल्लादियाखाँसाहेबांनी ध्वनिमुद्रिका दिल्या नाहीत, आणि त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनीही ध्वनिमुद्रणाबाबत कडक पथ्य पाळले. मैफलीत कोणी यंत्र लावलेले त्यांना खपत नसे, असे सांगितले जाते. त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरील तबकडीत गेली. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात याने सुटली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. नकलेला सर्वाधिक विरोध करणाऱ्या गळ्याची नक्कल आता सूर्यमालेच्या सीमेपलीकडे आहे.

ध्वनिमुद्रिका भारतात १९०२ मध्ये आली. आरंभीच्या तबकड्यांच्या शेवटी गौहरजानसारख्या गायिका स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारतात. त्याचे कारण व्यावहारिक होते : तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथील कारागिरांना लेबल लावण्यासाठी नाव ऐकू यावे लागे. तरीही ऐकणाऱ्याला त्यात नाममुद्रेचा भास होतो. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदाला कारखाना निघाला, लेबले व्यवस्थित छापली जाऊ लागली, आणि हा उच्चार अनावश्यक ठरला. नाव गाण्याच्या आतून निघून कागदाच्या वर्तुळावर गेले. कागद फाटतो, निघून जातो, बदलताही येतो.

स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा या पार्श्वभूमीवर वाचला तर त्याच्या दोन व्याख्या चमत्कारिक वाटतात. ‘संगीतकृती’ म्हणजे स्वरांची अशी रचना, जी छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीने आलेखित आहे. म्हणजे जी लिहिली नाही ती संगीतकृतीच नव्हे. ही व्याख्या १९९४ च्या दुरुस्तीने बदलली आणि तो बदल १० मे १९९५ पासून अंमलात आला. तोवरच्या सदतीस वर्षांत ढोलकीवर चाल बांधणारा शाहीर, गोंधळी, भजनी मंडळाचा बुवा, भीमगीताला रात्रीतून चाल लावणारा गायक, हे कोणीही त्या चालीपुरते विधीच्या दृष्टीने अस्तित्वात नव्हते. आणि ‘रेकॉर्ड’चा कर्ता कोण? तर मूळ तबकडीचा जो मालक तो. न लिहिलेली चाल कोणाचीच नाही. पण ती तबकडीवर उतरताच तबकडीवाल्याची. मौखिक परंपरेच्या देशात स्वीकारलेला हा विधी तिच्याविषयी किती अज्ञ होता, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

चित्रपटाने यात भर घातली. १९५१ च्या ‘अमर भूपाळी’त होनाजीच्या भूपाळीला वसंत देसाई यांची चाल मिळाली आणि ती घराघरांत गेली. शब्द कोणाच्याही मालकीचे नव्हते, चाल मात्र आधुनिक होती. अशा चालीचे धनी कोण, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि पूर्व भारतातील चित्रपटनिर्मात्यांची संघटना यांच्यातील खटल्यात, उत्तर दिले : मोबदला देऊन काम करून घेणारा निर्माता. न्या. कृष्ण अय्यर यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात, ज्याच्या गळ्यातून संगीत सजीव होते त्या गायकाला विधीने काहीच दिलेले नाही, याकडे लक्ष वेधले आणि संसदेने विचार करावा असे सुचवले. विचार व्हायला सतरा वर्षे लागली.

दरम्यान ध्वनिफीत आली. १९६३ मध्ये फिलिप्सने काढलेली ही डबी ऐंशीच्या दशकात भारतीय खेड्यांत पोचली आणि ध्वनिमुद्रिकेच्या एका बड्या कंपनीची दीर्घकालीन सत्ता तिने मोडली. पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात या उलथापालथीचे विस्तृत विवेचन आहे. लहान कंपन्या निघाल्या, प्रादेशिक गाणे बाजारात आले, आणि बेकायदा नकलांचाही महापूर आला. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातील गुलशनकुमार यांची टी-सिरीज यातून उभी राहिली. तिने कायद्याच्या ५२ व्या कलमातील एका पोटकलमाचा आधार घेतला. मूळ ध्वनिमुद्रण निघाल्यावर, सूचना व स्वामित्वशुल्क देऊन, तेच गाणे नव्या गळ्यातून मुद्रित करता येत असे. रफी-किशोर यांची गाणी नव्या आवाजांत, स्वस्तात, कायदेशीरपणे विकली गेली. कायदेशीर नक्कल आणि बेकायदा नक्कल यांत श्रोत्याला कळणारा फरक एवढाच की, बेकायदा नकलेत निदान आवाज मूळ गायकाचा असे.

ध्वनिफितीच्या या बाजाराने वऱ्हाड-मराठवाड्याच्या गाण्याला प्रथमच यंत्रात जागा दिली, हे नाकारता येणार नाही. आंबेडकरी गीताचा प्रसार मुख्यतः जलसे, सभा आणि पुढे या फितींनी केला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हजारो गीते लिहिली, गावोगाव गाऊन वाटून टाकली. त्यांच्या अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. संतांची आणि शाहिरांची मुद्रा विसाव्या शतकात इतक्या सातत्याने चालवणारे कवी थोडे. ती मुद्रा अलंकार नव्हती. ज्या समाजाचे लेखन लेखन म्हणून नोंदलेच गेले नाही, त्याने नोंद गाण्याच्या आत करून ठेवली. तीन मिनिटांच्या बंधनासाठी गायकाने शेवटचे कडवे गाळले तर काय नाहीसे होते, याचे उत्तर सालोमालोच्या प्रकरणात आधीच दिलेले आहे. फितीच्या वेष्टणावर गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असे छापून मोकळे होण्याची सोय तर सर्वांनाच होती. ‘पारंपरिक’ हा शब्द आदराचा वाटतो. व्यवहारात त्याचा अर्थ ‘कोणाला काही द्यावे लागणार नाही’ असा असतो.

१९८४ च्या दुरुस्तीने नकली फितींविरुद्ध शिक्षा वाढवली : किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कैद. त्याच दुरुस्तीने ‘५२-अ’ हे कलम घातले. प्रत्येक ध्वनिमुद्रणावर व वेष्टणावर तीन गोष्टी छापणे त्याने बंधनकारक केले : निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. गायक, गीतकार, संगीतकार यांचे नाव छापण्याची सक्ती त्यात नाही. चोरी रोखण्यासाठी केलेल्या कलमात कर्त्याचे नाव गाळले जावे, यात विधीला काही विसंगत वाटले नाही. २०१२ च्या दुरुस्तीने पुष्कळ सुधारले. गीतकार-संगीतकारांना चित्रपटाबाहेरच्या वापराच्या उत्पन्नातील समान वाटा करारानेही सोडता येणार नाही असे ठरले. गायकाला नावाचा नैतिक अधिकार मिळाला. नव्या गळ्यातून मुद्रणासाठी पाच वर्षे थांबण्याची अट आली. खासगी वापरासाठीच्या न्याय्य व्यवहाराची सूट तोवर ध्वनिमुद्रणाला लागू नव्हती, तीही मिळाली. म्हणजे १९५७ पासून २०१२ पर्यंत घरातल्या घरात एका फितीवरून दुसरी फीत भरणाऱ्या लाखो मराठी श्रोत्यांना या सवलतीचे छत्र नव्हते. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये लागणारे ‘गीतरामायण’ ऐकत गीते वहीत उतरवणाऱ्या घरांना न्याय्य व्यवहाराचा आधार होता. त्याच घरातील पुढच्या पिढीने तेच गीत फितीवर उतरवले, तेव्हा तो उरला नव्हता. हात तोच, प्रेमही तेच. विधीच्या लेखी फरक यंत्राचा.

सुलतानपूरच्या बसथांब्यावरचा व्यवहार मात्र २०१२ नंतरही या सुटीत बसत नव्हता, कारण दुकानदार पैसे घेत होता. महाराष्ट्राने तर २००९ च्या दुरुस्तीने झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठीच्या १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात दृक्‌श्राव्य चाच्यांचा समावेश केला होता. अमेरिकेतील नॅपस्टर ही सेवा १९९९ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये न्यायालयीन आदेशांमुळे बंद पडली, तेव्हा झालेल्या वादांत नकलेमुळे कलावंताचे उत्पन्न बुडते हा मुद्दा अग्रभागी होता. तो खोटा नव्हता. पण मेमरी कार्डातल्या चारशे गाण्यांपैकी भजन, भीमगीत, गोंधळ यांच्या गायकांना मूळ फितीच्या विक्रीतून पुढे काही मिळणार होते काय? पुष्कळांना मुद्रणाच्या वेळी एकरकमी बिदागी मिळे आणि हिशेब तेथे संपे. बुडाले ते कंपनीचे, आणि तेही गिऱ्हाइकाने फीत विकत घेतली असती, असे गृहीत धरले तर. याउलट, गावोगाव कार्ड वाजू लागल्याने त्या गायकाला जयंतीच्या, सप्ताहाच्या सुपाऱ्या मिळत, हा हिशेब कोणत्याही खटल्यात मांडला जात नाही. एवढ्याने दुकानदार निर्दोष ठरत नाही. कवी मात्र दोन्ही हिशेबांच्या बाहेर राहतो, हे ध्यानात येते.

भक्तिवाङ्मयात तर विधी आणि व्यवहार यांची गाठ जवळजवळ पडतच नाही. याच जिल्ह्यातील शेगावच्या गजानन महाराजांचे ओवीबद्ध चरित्र, ‘श्री गजानन विजय’, दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये लिहिले. दासगणू १९६२ मध्ये निवर्तले. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, या नियमाने त्या ओव्यांवरील हक्क २०२२ अखेर संपला. तोवर तिचे पारायण फितींवरून, तबकड्यांवरून आणि कार्डांवरून पश्चिम विदर्भाच्या घराघरांत किती वेळा उतरवले गेले असेल! ऐकणाऱ्यांपैकी कोणाला आपण काही उचलत आहोत असे वाटले नसेल, कारण पोथीची प्रत करणे हे पुण्यकर्म, हा संस्कार कायद्याहून कितीतरी जुना. पण एक गोष्ट तेथे आपोआप घडत होती : प्रत्येक अध्यायाच्या शेवटी ‘दासगणू’ हे नाव उच्चारले जात होते.

सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे ही दुकाने गाणी भरण्याच्या धंद्यातून हळूहळू बाहेर पडली. जी कार्डे अजून कोठे जुन्या पेटीत, ट्रॅक्टरच्या टेपमध्ये उरली असतील ती साहित्याच्या अभ्यासकाने एकदा पाहण्याजोगी आहेत. हस्तलिखित पोथीच्या शेवटी लेखकूची पुष्पिका असे. ग्रंथकर्त्याचे नाव आत येऊन गेलेले असे. त्यानंतर लेखकू आपले नाव, गाव, शक, तिथी लिही, आणि जसे पाहिले तसे लिहिले, दोष असेल तर माझा मानू नये, अशी क्षमा मागे. मेमरी कार्डातील गाण्यांच्या नोंदींत ‘कलावंत’ म्हणून एक रकाना असतो. त्या रकान्यात गायकाचे नाव क्वचित सापडते. बहुधा तेथे ज्या संकेतस्थळावरून गाणे उतरवले त्याचे नाव असते, कधी ज्या दुकानाने ते भरले त्याचे. गीतकारासाठी असलेला रकाना कोरा राहतो. अधिकृत, शुल्क घेणाऱ्या संगीतसेवांवर तीच लोकगीते ऐकली तर तेथे गायकाचे आणि कंपनीचे नाव असते, आणि गीतकाराच्या जागी पुष्कळदा एकच शब्द : पारंपरिक.